चाळीस सेकंदांचा निकाल

कानसेन हे नाव मासिकाच्या कचेरीत कुणीतरी थट्टेने ठेवलं, आणि तीस वर्षांत ते असं चिकटलं की टपालसुद्धा त्याच नावाने येऊ लागलं. काम एकच: एकाच गाण्याच्या निरनिराळ्या तबकड्या लागोपाठ वाजवायच्या आणि कुठलीचा आवाज सरस ते सांगायचं. आधी साधी सीडी, मग हाय-रेझोल्यूशन तबकडी, मग तिचीच नव्याने साफ केलेली आवृत्ती. कंपन्या तेच ते पुन्हा विकत, लोक तेच ते पुन्हा घेत, आणि मधे कानसेन बसलेले.

त्यांचे नियम कडक. तिन्ही तबकड्यांचा आवाज आधी मीटर लावून सारखा करायचा, कारण जो मोठा तो कानाला गोड लागतो. अर्ध्या डेसिबलने भलेभले फसलेत. मग त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, पडद्यामागे बसून तबकड्या बदलायच्या आणि नुसतं "एक", "दोन", "तीन" म्हणायचं. आणि ऐकायचे ते फक्त चाळीस सेकंद. अवघड जागा निवडून तेवढीच, पुन्हा पुन्हा. कान लवकर थकतात.

त्या दिवशी सकाळी तर कानसेन ऐकायला बसायच्या आधीच थकले होते. समोर एका दिवंगत प्रवचनकाराचं गाऊन सांगितलेलं प्रवचन होतं, तीन आवृत्त्यांत. निवडलेल्या जागेत म्हातारा एका दमात वरच्या सुरावर जातो आणि तो सूर धरून ठेवतो. अकरा वेळा ऐकून कानसेनांनी डोळे चोळले.

"तीन," ते म्हणाले. "सूर स्वच्छ. खरखर नाही. बाकी दोन्ही हिच्यापुढे पाणी भरतील."

"नवी आहे ती," पडद्यामागून ताई म्हणाली. "आता तरी जेव. तोंड बघ, वाळल्या लिंबासारखं झालंय."

जेवायच्या आधी त्यांनी संपादकीणबाईंना फोन केला. बाई खूश झाल्या. "कंपनी तुमचं वाक्य वेष्टनावर छापणार आहे. आणि जुन्या दोन्ही आवृत्त्या बंद करणार. ही एकच राहील."

"राहू दे," कानसेन म्हणाले, दोन घास खाल्ले आणि आडवे झाले.

तासाभराने ताईने त्यांना हलवून उठवलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"ऊठ. नवीत ती जागा नाही."

"कसली जागा?"

"ते थांबतात ती."

"कोण थांबतं, ताई? अगं, झोपू दे गं."

"तू झोपलास की मी पूर्ण ऐकते," ती म्हणाली. "दर वेळी. इतकी वर्षं. तुला वाटलं, मी आत बसून तबकड्या पुसते?"

कानसेन उठून बसले. हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

ताईने दुसरी तबकडी लावली. चाळीस सेकंद आले, गेले, आणि पुढे जे चालू झालं ते कानसेनांनी कधी ऐकलंच नव्हतं. म्हातारा क्षमेवर बोलत होता. बोलता बोलता गात होता, गाता गाता हसवत होता. मधेच सभेतून कुणाचा तरी हुंदका आला. वाद्यं अडखळली. म्हाताऱ्याने गाणं थांबवलं, खोकला आवरला आणि अगदी घरातल्यासारखं म्हणाला, "माई, रडून घे. आम्हाला घाई नाही. तुझं झालं की पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणू." मग कितीतरी वेळ नुसती खोली ऐकू येत होती: कुणाची खुर्ची, कुणाचा श्वास. आणि मग खरोखरच पहिल्या ओळीपासून.

"आता ही ऐक," म्हणत ताईने तिसरी लावली. ओळ सरळ पुढच्या ओळीला जाऊन मिळाली. सांधा शोधूनही सापडेना. कुणीतरी फार मन लावून काम केलं होतं. कानसेनांना त्या अनोळखी तंत्रज्ञाचा रागही येईना. खरखर काढता काढता त्याने खोकला काढला असणार, खोकल्यामागोमाग हुंदका, आणि हुंदका गेल्यावर थांबण्याला कारण उरलं नसणार.

"मी हिलाच सरस म्हणालो," ते पुटपुटले.

"तू चांगल्या सुराला चांगलं म्हणालास."

"उगाच सावरू नकोस ताई."

त्यांनी फोन उचलला. संपादकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठा सुस्कारा टाकला.

"अहो कानसेन, पानं छपाईला लागलीत. आणि तुमच्यासारख्याच्या हातून एवढं सुटलं कसं? वाचक विचारतील."

एक उत्तर तयार होतं: कंपनीने फसवलं. ते खोटंही नव्हतं. कानसेनांनी ते ओठांपर्यंत आणलं आणि गिळलं.

"सुटलं नाही, बाई. मी ऐकलंच नव्हतं. मी चाळीस सेकंद ऐकतो. कायम तेवढेच."



"म्हणजे आजवरचे सगळे निकाल?" बाईंनी विचारलं.

"सुराचे खरे आहेत. बाकीचं मला माहीत नाही."

"हे छापलं तर तुमचं सदर बंद करावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. तसंच छापा. आणि लिहा की दुसरी घ्या. खरखर आहे, पण माणूस पूर्ण आहे. जमलं तर कंपनीला सांगा, ती बंद करू नका."

"सांगेन," बाई म्हणाल्या. आवाज मवाळ झाला होता. "ऐकतील असं नाही."

फोन ठेवून ते खुर्चीत टेकले. एवढा शीण त्यांना तीस वर्षांत आला नव्हता. ताई पडद्यामागे जायला वळली.

"तिकडे कशाला?" कानसेन म्हणाले. "इथे बस माझ्याजवळ. हुंदक्यानंतरचं राहिलंय ना अजून?"

"अर्धा तास आहे."

"असू दे."