मागची शिवण

मला पोहता येत नव्हतं, सायकल शाळेबरोबरच सुटली होती, आणि पळायचं म्हणाल तर गिऱ्हाईक तगाद्याला आलं की मागच्या दारानं तेवढं जमायचं. अशा माणसानं ट्रायथलॉनमध्ये नाव घातलं. म्हणजे आधी तळ्यात पोहा, मग सायकल हाणा, मग पळा, आणि हे सगळं अंगाला चिकटलेल्या एकाच पोशाखात. मी शिंपी आहे, लोक मास्तर म्हणतात. त्या पोशाखापायीच हे सगळं झालं.

आमच्या दुकानात पँट मी शिवतो. बायको शेजारच्या मशीनवर 'बाकीचं' शिवते. बाकीचं म्हणजे फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे. ज्याला हात लावायला मला कमीपणा वाटतो ते सगळं. तिनं हौसेनं ताणणाऱ्या कापडाचे पोहण्याचे पोशाख शिवून बघितले आणि ते पोहण्याच्या क्लबच्या कोचना आवडले. ते म्हणाले, "बाई, एक ट्रायथलॉनचा शिवा. शर्यतभर टिकला, तर आमच्या सगळ्या पोरांचे तुमच्याकडे." तिच्या एकटीच्या हाताला अशी ऑर्डर आजवर कधी आली नव्हती. त्या संध्याकाळी ती चहात साखर घालायला विसरली, मी बोललो, तरी ती हसतच होती.

आता तो घालून पळणार कोण? क्लबातल्यांकडे विकतचे होते. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी आहे की! त्यात काय एवढं!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माप घेताना मी पोट आत ओढलं. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना त्यावरून हसत आलोय. ही टेप धरून शांतपणे उभी राहिली आणि म्हणाली, "सोडा श्वास. मला वेळ आहे." शेवटी सोडावाच लागला.

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात. साफ खोटं आहे. पाण्यात पडलं की पाणी पिता येतं. तरी मी रोज सकाळी क्लबात जाऊन हातपाय मारले आणि कसाबसा तरंगायला शिकलो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी ही बाजारात गेली होती. मी पोशाख उलटा करून बघितला आणि माझं डोकंच फिरलं. बैठकीची मधली शिवण नागमोडी! मुंगी दारू पिऊन चालावी तशी. म्हटलं, उद्या चारचौघांत मागून हे दिसणार आणि मास्तरांचं नाक कापलं जाणार. उसवली. तिच्या जागी बारीक, सरळ टीप मारली, पँटला मारतो तशी. वर इस्त्री केली, घडी घालून पिशवीत ठेवला आणि हिला एक अक्षर बोललो नाही. सुधारणा करून द्यायची आणि बोलून दाखवायचं नाही, असा माझा मोठेपणा.

सकाळी तळ्यात सगळे माशांसारखे पुढे गेले. मी होडीतल्या माणसाशी गप्पा मारत गेलो. म्हणजे तो विचारायचा, "काका, ठीक आहात ना?" आणि मी म्हणायचो, "बुडबुड." पण निघालो बाहेर. काठावर ही उभी होती, तिनं पोशाखाकडे बघून मान डोलावली. पोशाख अगदी झकास बसला होता.

सायकलपाशी आलो आणि ऐटीत टांग टाकली. टर्रर्र!

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. ताणलं की कापड लांबतं, सरळ टिपेचा दोरा लांबत नाही, तो तुटतो. म्हणून तिनं नागमोडी शिवली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि माझी तर मागची बाजूच मोकळी.

थांबलो असतो तर ऑर्डर तिथंच गेली असती. मग मी सीटला चिकटून बसलो. चढावर लोक उभं राहून पायडल मारत होते, मी बसूनच कुथत होतो. एकानं विचारलं, "उठत का नाही?" म्हटलं, "संस्कार!" सायकल ठेवल्यावर टॉवेल कमरेला गुंडाळला आणि पळालो. आंघोळीच्या वेळी घराला आग लागलेला माणूस पळेल, तसा. लहान मुलं हसली, कुत्रं मागे लागलं, पण झाकली मूठ म्हणत मी सगळ्यांच्या शेवटी का होईना, पोचलो.

पोचलो तर समोर कोच. "शाब्बास मास्तर! काढा टॉवेल, शिवणी बघू."

"थंडी वाजतेय," मी म्हणालो. घामाच्या धारा लागल्या होत्या.

हिनं माझं तोंड बघितलं आणि मागे येऊन टॉवेल जरासा उचलला. तुटलेला दोरा बोटात धरला. कुणाची टीप आहे हे तिला विचारावं लागत नाही. ती पुढे आली आणि कोचना म्हणाली, "उसवलाय, सर. चूक झाली आमची. राहू द्या ती ऑर्डर."

आमची! चार लोकांत मला खाली बघायला लागू नये म्हणून बाईनं हातातली ऑर्डर सोडली. तळ्याचं पाणी नाकात गेलं तेव्हा झालं नव्हतं तेवढं मला त्या एका शब्दानं झालं.

"आमची नाही, माझी," मी ओरडलोच. "हिनं बरोबर शिवलं होतं. मी उसवून माझी अक्कल शिवली. ही खांद्याची शिवण हिची आहे, ही ओढा!"

कोचनी दोन्ही हातांनी खांदा ओढला. मी हेलपाटलो, पण शिवण हलली नाही. परत ओढला. सोडल्यावर फट्‌कन माझ्या अंगावर बसली.

ही टॉवेल घट्ट करत हळूच म्हणाली, "का हो उसवलंत?"

"वाकडी वाटली."

"विचारायचं तरी."

खरंच की. शेजारी शेजारी मशीन, आणि आजवर शिलाईतलं काही मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मला तिथंच टॉवेलात तोंड लपवावंसं वाटलं, पण टॉवेल दुसऱ्या कामात होता.

"मग मास्तर," कोचनी सवयीप्रमाणे मलाच विचारलं, "मापं द्यायला पोरांना कधी पाठवू?"

सवयीप्रमाणे माझंही तोंड उघडलं. ते मिटलं आणि हिच्याकडे वळून म्हणालो, "काय गं, कधी येऊ दे त्यांना?"

ती माझ्या पुढे येऊन उभी राहिली. मग कोचना म्हणाली, "सोमवारी पाठवा. मापं होईपर्यंत ह्यांना मी पळायला पाठवते."