उन्हातलं इरलं

झिलूच्या मानेवर सात चट्टे होते, डाव्या कानावर तीन, उजव्यावर दोन, एकूण बारा. जन्मतःच पांढऱ्या कातडीचा हा टपालवाला रोज भर उन्हात गुंदहून अणशीला सायकल मारायचा. नाकावरची न भरणारी गाठ डॉक्टरांनी नुकतीच कापून काढली होती. "हा कर्करोग उन्हाचा. नवा चट्टा उठला की सायकल बंद," त्यांनी बजावलं होतं.

सायकलवाचून झिलूला करमणार कसं?

बायकोने, फुलाने, माळ्यावरून भातलावणीचं पानांचं इरलं काढलं.

"अगं, पाऊस हाय कुठं?"

"वाकून लावणी करताना डोस्क्यापासनं पाठीपर्यंत झाकतंय, वाकून सायकल मारताना न्हाई झाकणार व्हय?"

घरासमोरच्या पहिल्याच उतारावर इरल्यात वारा भरला आणि झिलू सायकलसकट करवंदीच्या जाळीत गेला. फुला पोट धरून हसली. मग तिने इरल्याचा खालचा घेर कापला आणि ते सुंभाने त्याच्या कमरेला आवळलं.

"आता उडा बघू!"

झिलू आरोळी ठोकत सुटला. वारा कानाशी घोंघावत होता, पण सावली काही हलली नाही. थेट अणशीपर्यंत!

महिन्याने फुलाने चट्टे मोजले. बारा.