नमुना एकेचाळीस

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. जळगावच्या एका प्रयोगशाळेच्या कपाटात धूळ खात पडले आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, पण माझा राग अजून गेलेला नाही.

इथे आले तेव्हा माझी काय बडदास्त होती! तपासणीचं काम करणाऱ्या सुनंदाबाईंनी मला आधी साबणाने, मग उग्र वासाच्या द्रावणाने धुतलं, भट्टीत वाळवलं. डीडीटीसारखी कीटकनाशकं अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं मुरून राहतात. ती आईच्या दुधात किती उतरतात, हे त्यांना मोजायचं होतं. एकेचाळीस नंबरची चिठ्ठी अंगावर लागली, तशी मी फुशारून गेले.

१९८६च्या हिवाळ्यात पारोळ्याकडच्या एका खेड्यात मला बेबाबाईच्या हाती दिलं. तिची पहिलीच लेक तीन महिन्यांची होती. नवरा अभिमन कपाशीवर मारायची पावडर कणगीतल्या ज्वारीतही मिसळायचा. मलेरियावाले घराच्या भिंती फवारून जायचे. सुनंदाबाईंनी हे सगळं विचारून लिहून घेतलं. आपण लेकीला विष तर पाजत नाही ना? बेबाबाईने हळूच विचारलं, तेव्हा निकाल आला की नक्की कळवू, असं सुनंदाबाई म्हणाल्या. बूच उघडू नका, असंही त्यांनी तिला बजावलं. सासूला मात्र कुणी काहीच सांगितलं नाही.

बेबाबाईने दूध काढून मला भरलं, बूच लावलं आणि ती लेकीला निजवायला गेली. मला न्यायला प्रयोगशाळेची जीप अजून यायची होती. तिन्हीसांजेला सुनेच्या अंगावरचं दूध घराबाहेर जाणार म्हटल्यावर सासूचा, भिकुबाईचा, जीव राहीना. नजर लागून दूध आटलं तर? तिने चुलीतला विझलेला कोळसा घेतला, माझं बूच काढलं आणि तुकडा आत टाकला. दूध बाहेर देताना त्या घरात असंच करायचे. मी आतल्या आत किंचाळले, पण काचेला कुठली वाचा?

कोळसा कीटकनाशकांसारखी द्रव्यं शोषून घेतो. आता खरा आकडा निघणं शक्यच नव्हतं. प्रयोगशाळेत कोळसा दिसताच सुनंदाबाईंनी दूध मोरीत ओतलं आणि वहीत माझ्यापुढे ‘बाद’ लिहिलं. बाकीच्या चाळीस बाटल्यांवर अहवाल झाला. बेबाबाईला एक साधं पोस्टकार्डही कुणी टाकलं नाही. याचीच मला जास्त चीड आली.

दीड महिन्याने ती लेकीला घेऊन एसटीने स्वतःच आली. सुनंदाबाईंनी खाली मान घालून कोळशाची हकिकत सांगितली. पाजणं सोडू नका, बाळाला त्याहून चांगलं दुसरं काही नाही, असंही त्या कळकळीने म्हणाल्या. पण दुधात विष किती, हे त्यांना सांगता येईना. तपासणी संपली होती, नवा नमुना घ्यायची परवानगी नव्हती.

"बाटली बाद व्हयनी, बाई," बेबाबाई म्हणाली, "पन मनी पोर ते रोज तेच दूध पेस ना?"

आपली पोर तर रोज तेच दूध पिते, त्याचं काय, हेच ती विचारत होती. तेवढ्यात पोर रडायला लागली. बेबाबाई दाराजवळच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने लेकीला पदराखाली घेतलं.

मित्रांनो, मला पुन्हा कुणी वापरलं नाही, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण उद्या तुम्ही कुणाच्या घरून दूध, रक्त किंवा पाणी तपासायला न्याल, तेव्हा त्या घरातल्या म्हातारीलाही बसवून नीट समजावून सांगा. नमुना बिघडला तर पुन्हा त्या दारी जा. बेबाबाईने पुढे कितीतरी महिने लेकीला घाबरत घाबरत पाजलं असेल, आणि ते मला आजही सहन होत नाही.