बाजूची सीट

जपानमधल्या इबाराकीच्या आमच्या रेसिंग ट्रॅकवर हौशी माणसाला एकच वेड असतं, एका मिनिटाच्या आत फेरी मारायचं. दातांचे डॉक्टर हिगाशिदे त्यापायी गाडी हलकी करत सुटले होते. आधी एसी काढला, मग मागची सीट. शेवटी बाजूची सीटही काढली आणि बायकोला म्हणाले, "तुझ्या वजनात माझा अर्धा सेकंद जातो." तेव्हापासून मिनाए वहिनी डबा घेऊन ट्रेननं यायच्या.

तरी मिनिट काही तुटेना. आज डॉक्टर गाडीतून उतरले ते हेल्मेट आपटतच. "सर, गाडी अजून जड आहे. हिच्यात कुणालाच जमणार नाही."

माझं डोकं फिरलं. त्यांना गाडी चालवायला शिकवतो मी, आणि हे दोष देतात गाडीला. माझी गाडी त्याच मॉडेलची. जेवणाच्या सुट्टीत तिची बाजूची सीट काढून मी त्यांच्या गाडीत घट्ट बसवली आणि वहिनींपुढे हेल्मेट धरलं.

"अहो, मी जड आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच बसा." स्टिअरिंगवर मी बसलो, डॉक्टर बाहेर राहिले.

दुसऱ्याच फेरीत मिनिट तुटलं. पाटीवर आकडा झळकला. आमच्यात तोंडावर कुणी हसत नाही. सगळे खाली वाकून आपापल्या टायरची हवा बघू लागले.

वहिनींनी हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि नवऱ्याच्या हातात डबा दिला.

"तुमचं बरोबर होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "गाडीत वजन जास्तच होतं. आज ते बाहेर उभं राहिलं."