बोगोसॉर्टनं तलाव वाटला

मी बोगोसॉर्ट बोलतोय. हसलात? हसा, माझा जन्मच हसवण्यासाठी झालाय!

मी कम्प्युटरमधला प्रोग्राम. विस्कटलेली नावं क्रमानं लावायची, हे माझं काम. शहाणे प्रोग्राम एकेक नाव बघून जागेवर ठेवतात. मी सगळी पत्त्यांसारखी पिसतो, क्रम लागला का बघतो, नाही लागला की पुन्हा पिसतो. चार नावं असली तर जमतं. सव्वीस असली तर तुमचं आयुष्य सरेल, माझं काम सरणार नाही.

रंजितानं मला कॉलेजात मैत्रिणींना हसवायला लिहिलं. तिचं गाव नागभीडकडचं, घर मासेमारीचं. तिथं दर हिवाळ्यात तलावात जाळी टाकायच्या जागा यादीनुसार वाटतात. यादी मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव करायचे, अक्षरांच्या क्रमानं. म्हणजे ते स्वतः वर, बांधाजवळच्या खोल पाण्यात. आणि रंजिताची आत्या रुखमाबाई दरवर्षी शेवटी, चिखलात. एकट्या बाईचं घर त्याच मासोळीवर चालायचं. मला तर रागच येतो बुवा! चिठ्ठ्याही टाकून पाहिल्या होत्या, पण चिठ्ठीला खूण केली म्हणून भांडणं झाली.

एका वर्षी नवे सभासद आले. यादी नव्यानं लावायला रंजिताला लॅपटॉप घेऊन बांधावर बसवलं. घाईत पोरीनं चांगला प्रोग्राम सोडून मलाच चालवलं. सव्वीस नावं! मी पिसतोय, पिसतोय, लॅपटॉप तापला.

"काऊन वं पोरी, किती वेळ?" गुणवंतराव वैतागले.

रंजितानं जीभ चावली आणि मला थांबवलं. नावं जशी पडली तशीच स्क्रीनवर राहिली. रुखमाबाई दुसरी, गुणवंतराव चोविसावे.

"चुकलं भाऊ, परत लावू का?"

"थांब," रुखमाबाई उठली. "ह्या मशीनले माही ओळख हाय का? नाई. भाऊची हाय का? नाई. मंग हेच यादी ठेवा."

"ठेवा, ठेवा," सगळे म्हणाले. गुणवंतरावांनाही तीच यादी वहीत उतरवावी लागली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी बांधावर जातो. एकदाच पिसायचं, क्रम बघायचाच नाही. माझं अर्धं काम रंजितानं काढून टाकलं, थोडं वाईट वाटलं. कॉलेजात अजून मला हसतात म्हणे. हसोत बापडे.

यंदा मात्र माझ्या हातून रुखमाबाई पार शेवटी पडली. मी शरमलो. तिनं यादी दोनदा ऐकली, जाळं खांद्यावर टाकलं आणि चिखलाकडं निघाली.

"आत्या, वाईट वाटलं का गं?" रंजितानं विचारलं.

"कायचं वाईट? यंदा नंबर आला हाय, कोनी लावला नाई."

बाबांनो, मला हुशार तेवढं करू नका.