मयत व्यक्तीशी नातं

“मला कशाला रजा? मी कुठे कामाला जाते?” सासूबाईंनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं.

“जात नाही म्हणूनच तुम्हाला घेतलंय, आई. ॲप चालतंय का बघायला एक खोटा कर्मचारी लागतो.” रजाताईने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “हं, सांगा. रजा कशासाठी हवी?”

“कंटाळा आला म्हणून.”

“तसं नाही चालत. आजारपण, घरगुती काम, दुःखद प्रसंग. यातलं एक निवडायचं.”

“मग घरगुती काम घाल. जन्मभर तेच केलंय.”

रजाताईने बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र क्षणभर गरगरलं आणि हिरव्या अक्षरांत ‘मंजूर’ उमटलं. सासूबाई त्या शब्दाकडे बघतच राहिल्या. “बघ बाई,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं संसार केला, रजा आज मिळाली!” त्यावर दोघी इतक्या हसल्या की गॅसवरचं दूध उतू गेलं, आणि मग ओटा पुसताना पुन्हा हसल्या.

रजाताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पंप बनवणाऱ्या कंपनीत रजेचे अर्ज तिच्या टेबलावरून जायचे, म्हणून कुणीतरी गमतीने ते नाव ठेवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. नव्याने लागलेल्या पोरांना तर तिचं आडनावही ठाऊक नव्हतं. घरी कोण असतं असं कुणी विचारलं, तर ती ‘आई असते’ एवढंच सांगायची. ऐकणाऱ्याला वाटे, हिची आई असेल. ती खुलासा करायच्या भानगडीत पडत नसे.

खुलासा करायचा म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला, रीतसर घटस्फोट झाला. त्यानंतर तो आईला न्यायला गाडी घेऊन आला, तेव्हा सासूबाई दारातूनच म्हणाल्या होत्या, “गाडी आणलीस तशी रिकामी ने.” त्या सुनेकडेच राहिल्या. नवरा याच कंपनीच्या गोदामात होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सणासारखा कधीतरी त्याचा फोन येई, सासूबाई ‘बरी आहे’ म्हणत आणि फोन सुनेच्या हातात देत. त्याला आता काय म्हणून हाक मारायची हे रजाताईला कधी उमगलं नाही. ती नुसतं ‘ऐका’ म्हणायची.

मग कंपनीने सगळा कारभार एका नव्या प्लॅटफॉर्मवर नेला. बैठका तिथे, फायली तिथे, गप्पा आणि कुचाळक्यासुद्धा तिथेच. प्रत्येक विभागाने आपापलं ॲप आपणच बनवायचं असं फर्मान निघालं, तेव्हा निम्म्या ऑफिसचं धाबं दणाणलं. शिकवायला बाहेरून एक मुलगी आली. बॉबकट, तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण जीव लावून शिकवणारी.

“कोड लिहायचा नाहीये, ताई,” ती म्हणाली. “या चौकटी उचलायच्या आणि एकमेकींना जोडायच्या. आधी कागदावर काय करत होता ते सांगा.”

रजाताईने सांगितलं, पण सगळं नाही. लेथवरचा एक जण त्याची आत्या गेली तेव्हा आला होता. तिनेच त्याला वाढवलेलं, आणि नियमात आत्या बसत नव्हती. रजाताईने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अर्जावर स्वतःच्या हाताने ‘आई’ लिहून पुढे पाठवला. असे अर्ज तिने बरेच पाठवले होते. ते चौकटीत कसं बसवायचं हे विचारायची तिला लाज वाटली.

शिकायला लागल्यावर मात्र ती त्यात रमली. भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकू नये अशा रकान्याला लाल चांदणी लावता येते, हे कळल्यावर तिने मयत व्यक्तीचं नाव, निधनाची तारीख, जन्मतारीख, सगळ्यांना चांदण्या लावून टाकल्या. “अहो ताई, आकाश झालं हे!” मुलगी हसली. मग तिने ‘अट’ शिकवली. जर असं असेल, तर तसं होईल. साहेबांनी कंपनीची नियमावली समोर ठेवली होती. सासू-सासऱ्यांसाठी दुःखद प्रसंगाची रजा, विवाह अस्तित्वात असेपर्यंतच.

“मस्त उदाहरण आहे,” मुलगी म्हणाली. “करा तुम्हीच.”

रजाताईचा हात जरा थबकला. पण मुलगी खांद्यावरून बघत होती, आणि पन्नाशीला आलेल्या बाईला जमतंय हे तिला दाखवायचं होतं. तिने लिहिलं: जर कर्मचारी घटस्फोटित असेल, तर ‘सासू’ आणि ‘सासरे’ दिसणार नाहीत. मुलीने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन रजाताईने बाकी सगळं सासूबाईंना रंगवून सांगितलं, अटीचं तेवढं सांगितलं नाही.

त्यानंतर सासूबाईंना न्यूमोनिया झाला. आधी साधा खोकला म्हणून काढे झाले, मग दवाखाना, मग हॉस्पिटलची ती अरुंद लोखंडी खाट. रजाताईच्या शिलकीतल्या सगळ्या रजा तिथेच संपल्या. ॲप तयार होऊन वरच्या मंजुरीसाठी पडून होतं. सासूबाई धाप लागलेली असतानाही विचारायच्या, “झालं का गं चालू तुझं?” आणि ती म्हणायची, “तुम्ही घरी या, मग करू.” त्या घरी आल्या नाहीत. शनिवारी पहाटे त्यांनी सुनेचा हात धरला, तो नर्सने येऊन सोडवला.

हॉस्पिटलच्या कागदांवर सही मुलाची लागली. अंत्यदर्शन त्याच्या घरी ठेवलं गेलं. रजाताई मागच्या भिंतीशी उभी राहिली. ज्या केसांत ती रोज तेल घालायची ते कुणीतरी उलट्या बाजूला विंचरले होते, आणि पुढे होऊन ते नीट करावेत एवढाही तिचा हक्क नव्हता. शेजारच्या एका बाईंनी हळूच विचारलं, “तुम्ही त्यांच्या कोण?”

“ओळखीची,” ती म्हणाली. तोंडातून शब्द गेला आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सोमवारी ती ऑफिसला आली, कारण न यायला रजा नव्हती. नेमकं त्याच सकाळी ॲप सुरू झालं होतं. तिने साध्या कर्मचाऱ्यासारखं ते उघडलं. दुःखद प्रसंग. मयत व्यक्तीशी नातं. खाली यादी उघडली: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी. तिने यादी खालीवर करून पाहिली. ॲप अगदी बिनचूक चालत होतं. ‘आई’ निवडावं म्हटलं, तर तिची आई गेल्याची नोंद तिच्या फायलीत होती. एका माणसाची आई दोनदा जाते हे कुठलंच ॲप मानणार नाही.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. “साहेब, माझ्या सासूबाई गेल्या.”

साहेब गडबडले. “अरे अरे... कधी? पण तुमचा तर...”

“हो. झालाय. पण त्या माझ्याकडेच होत्या. शेवटपर्यंत.”

साहेबांनी माऊस हलवला, चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता. “ॲपमध्ये तुमच्या नावाला ते नातं येतच नाहीये हो.”

“माहीत आहे. ती अट मीच घातलीय.”

“वर विचारावं लागेल. आठवडाभर तरी जाईल. त्यापेक्षा तुम्ही असं करा, दोन दिवस बिनपगारी घ्या. कारण लिहा, घरगुती काम.”

“नको,” ती म्हणाली. “काम आहे बरंच.”

तिला सुट्टी नकोच होती. घरी जाऊन त्या रिकाम्या खाटेसमोर बसून ती काय करणार होती? तिला कुठेतरी एका ओळीत एवढंच लिहिलेलं हवं होतं, की हिची सासू गेली. भिंतीशी उभी राहून जे तोंडाने म्हणता आलं नाही, ते तरी कुणी लिहून द्यावं. सगळ्या ऑफिसच्या नात्यांवर जिने आजवर शिक्के मारले, तिच्या नात्यावर मारायला कुणी नव्हतं.

टेबलावर येऊन तिने ॲपची आतली बाजू उघडली. ती अट समोरच होती, एका निळ्या चौकटीत. काढून टाकायला दोन टिचक्या पुरे. पण कोणी, कधी, काय बदललं ते सगळ्यांना दिसणार होतं, आणि रजाताईने स्वतःसाठी नियम वाकवला असं लोक म्हणाले असते. म्हणेनात का, असं मनाशी म्हणत तिने चौकटीवर पहिली टिचकी मारली. तेवढ्यात फोन वाजला. त्याचा होता.

“अगं, तो रजेचा फॉर्म आलाय ना नवीन,” तो घाईत म्हणाला. “पुढेच जात नाहीये. आईची जन्मतारीख मागतोय. काय गं तिची जन्मतारीख?”

रजाताईने माऊसवरचा हात काढला, दुसरी टिचकी राहूनच गेली.

“हॅलो? ऐकू येतंय का?”

कुठलीही तारीख घातली असती तरी फॉर्म पुढे गेला असता. ॲप तारीख तपासत नव्हतं, फक्त रकाना भरलेला मागत होतं. हे सांगून तिला फोन ठेवता आला असता, किंवा ‘मला नाही माहीत’ म्हणून त्याला तसंच लटकत ठेवता आलं असतं. पण कुठेतरी त्यांची खोटी तारीख लागावी हे तिला सहन होईना.

“ऐका,” ती म्हणाली, आणि दिवस, महिना, साल सावकाश सांगितलं. त्याने चुकीचं साल परत म्हटलं, तेव्हा दुरुस्त केलं.

“हां, गेला बाबा एकदाचा! ठेवतो.” आणि जरा थांबून, “तू... बरी आहेस ना?”

“बरी आहे,” ती म्हणाली. हे उत्तर त्याला ओळखीचं असावं, कारण त्याने लगेच फोन ठेवला.

“ताई! ताई!” पलीकडच्या टेबलावरून शिकवणारी मुलगी जवळजवळ ओरडलीच. “आला बघा पहिला खरा अर्ज! गोदामातून! एका सेकंदात मंजूर, ग्रुपवर मेसेजपण गेला आपोआप! काय भारी चाललंय!” आजूबाजूच्या चार जणांनी माना वर केल्या, एकाने अंगठा दाखवला, कुणीतरी “पार्टी हवी, रजाताई” म्हणालं. मुलीला बिचारीला काय माहीत. तिने येऊन रजाताईला मागून मिठीच मारली.

पडद्यावर मेसेज आला होता. शब्द रजाताईनेच रचलेले होते: ‘गोदाम विभागातील आपल्या सहकाऱ्याच्या मातोश्रींचे दुःखद निधन झाले आहे.’ खाली भराभर ओळी येत होत्या. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर तुम्हाला बळ देवो. आई ती आईच, काळजी घ्या. ज्यांनी सासूबाईंना कधी पाहिलंही नव्हतं ते सगळे त्याचं सांत्वन करत होते.

“तुम्हीपण लिहा ना काहीतरी,” मुलगी म्हणाली. “तुम्ही नाही लिहिलंत तर बरं नाही दिसणार. ओळखता का तुम्ही त्यांना?”

“ओळखते.”

रजाताईने कीबोर्ड जवळ ओढला. मग अशा वेळी सगळे लिहितात तेच वाक्य तिने लिहिलं, ‘आपल्या दुःखात सहभागी आहे’, आणि पाठवून दिलं. वाचणाऱ्यांनी त्यातल्या ‘आपल्या’चा अर्थ ‘तुमच्या’ असाच घेतला. थोड्या वेळाने गोदामातून तिच्या ओळीखाली उत्तर आलं, ऑफिसातल्या बाकीच्या बायकांना आलं होतं तेच: ‘धन्यवाद, ताई.’