चारशे पौंड जास्त

गाडीचं तोंड वर झालं होतं. अमेरिकेत, बेलव्ह्यूमधल्या त्या घराच्या ड्राइव्हवेवर उभे राहून प्रल्हादराव ते बघत होते, आणि सकाळी सातलाच त्यांचं डोकं तापलं होतं.

गाडी त्यांच्या मुलाची, नकुलची. सात सीटांची एसयूव्ही. तिच्यामागे तीन आठवड्यांपूर्वी विकत घेतलेला ट्रेलर. ट्रेलर म्हणजे चाकांवरची दीड खोलीच: पलंग, शेगडी, संडास, सगळं आत. तो हुकात अडकवला तशी गाडी मागून बसली आणि बोनट आभाळाकडे बघायला लागलं. प्रल्हादरावांनी एकतीस वर्षं कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर काढली होती. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत मापाबाहेर ऊस, आणि चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडून हातभर वर, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पुढची चाकं हलकी झाली की चालवणारा नुसता नावाला.

“नकुल, वजन जास्त झालंय.”

“बाबा, टोइंग कपॅसिटी सात हजार सातशे पौंड आहे. ट्रेलर चार हजार नऊशेचा. मी सगळं चेक केलंय, स्प्रेडशीट आहे माझ्याकडे.”

“चार हजार नऊशे रिकाम्याचं. त्यात पाणी नाही, भांडं नाही, चमचा नाही. तू टाकी काठोकाठ भरलीस.”

“डीलर म्हणाला, नो प्रॉब्लेम.”

“डीलर येणार आहे का घाटात आपल्याबरोबर?”

नकुल हसला. बाबांचं आता असंच, असं ते हसणं होतं.

तेवढ्यात सत्यजित आणि दीपा आले. नकुलच्या ऑफिसातला मित्र आणि त्याची बायको, तेही बरोबर निघाले होते. दोघंच माणसं, मोठी इलेक्ट्रिक गाडी. त्यांनी डिकी उघडली आणि एकेक वस्तू नकुलच्या ट्रेलरकडे यायला लागली. जनरेटर. लोखंडी पायांचा मांडव. बर्फ भरायचे दोन कूलर. घडीचं टेबल. पंचवीस माणसांची आमटी होईल एवढं पातेलं.

“तुमच्याकडे किती जागा आहे हो काका!” दीपा म्हणाली. “आमची इलेक्ट्रिक ना, सामान वाढलं की रेंज कमी होते.”

“टाक ना यार, काय त्यात,” नकुल म्हणाला. म्हणताना त्यानं एकदा गाडीच्या मागच्या चाकाकडे बघितलं. प्रल्हादरावांना ते दिसलं. पोराला कळत होतं. तोंडातून ‘नाही’ निघत नव्हतं. हा गुण कुणाचा, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्या घरात वाईटपणा घ्यायचं काम त्यांच्या बायकोचं, शोभाचं होतं. ती असती तर ट्रेलरच्या दारात उभी राहिली असती. “दीपा, तुझी डिकी रिकामी दिसतेय की गं. काय डोहाळजेवणाला राखून ठेवलीस?” सगळे हसले असते, सामान परत गेलं असतं, आणि दीपानंच संध्याकाळी तिला चहा करून दिला असता. बेचाळीस वर्षं प्रल्हादराव तिच्या मागे उभे राहून चांगले म्हणवून घेत आले होते. शोभाला जाऊन नऊ महिने झाले होते.

“आईची किती इच्छा होती यलोस्टोन बघायची,” गाडी सुरू करताना नकुल म्हणाला.

प्रल्हादरावांनी खिडकीबाहेर बघितलं. शोभाच्या तोंडून त्यांनी यलोस्टोनचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. तिला नेपरव्हिलला तिच्या बहिणीकडे, नीनाकडे, महिनाभर राहायचं होतं. ते तिकीट नकुलच्या मीटिंगांपायी तीनदा पुढं ढकललं होतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालावं, ते काय नाही म्हणणार आहे!

हायवेला लागल्यावर एक मोठा ट्रक शेजारून गेला. ट्रेलर डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, आणि त्यानं गाडीलाही बरोबर हलवलं. नकुलनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी पकडलं. मागच्या सीटवरच्या सिया आणि अनिका, नकुलच्या मुली, बारा आणि नऊ वर्षांच्या, ‘वूऽऽ’ करून ओरडल्या. त्यांना गंमत वाटली. त्यांची आई सुवर्णा हिनं मागे वळून दोघींचे पट्टे ओढून बघितले.

पुढे डोंगर होता. चढ, मग लांबच लांब उतार.

“घाटाआधी ट्रकवाल्यांचा थांबा आहे. तिथं काटा आहे. गाडी तोल.”

“बाबा, तो ट्रकसाठी असतो.”

“काट्याला काय कळतंय ट्रक का कार?”

“आपण ऑलरेडी लेट आहोत. सत्यजित दहा मैल पुढे गेलाय.”

“नकुल,” सुवर्णा म्हणाली, “अनिकाला बाथरूमला जायचंय. थांब.”

अनिकाला जायचं नव्हतं. ती तसं म्हणणारही होती, पण आईचा चेहरा बघून गप्प बसली.

काट्यावर गाडी चढली. पुढची चाकं एका पाट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. पावती आली. पुढे दोन हजार पाचशे ऐंशी. मागे तीन हजार आठशे वीस. ट्रेलर पाच हजार सातशे.

“बघा,” नकुल म्हणाला, “ट्रेलर सात हजार सातशेच्या खूप खाली आहे.”

“तुझी गाडी बघ.” प्रल्हादरावांनी ड्रायव्हरचं दार उघडलं. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर होतं, जे सगळ्यांच्या गाडीला असतं आणि कुणी वाचत नाही. “सिया, वाच हे.”

सियानं वाकून वाचलं. माणसं आणि सामान मिळून तेराशे पौंडांच्या वर कधीही जाऊ नये. “इट सेज ‘नेव्हर’, आजोबा.”

“आता हिशेब कर. आपण पाच जण सहाशे चाळीस. डिकीत दोनशे. हुकाचं लोखंड नव्वद. आणि ट्रेलर पुढून ज्या हुकावर टेकतो, तिथला त्याचा भार तुझ्याच गाडीवर पडतो, तो साडेसातशेच्या वर. झाले जवळजवळ सतराशे, तेराशेच्या जागी. गाडी स्वतःच्या वजनासकट जास्तीत जास्त सहा हजारांची. भरलीय सहा हजार चारशे.”

नकुल पावतीकडे बघत राहिला. “चारशेच ना? कंपन्या मार्जिन ठेवतात. नाहीतर असं करू, ट्रेलरमधलं पुढचं सामान मागे सरकवू.”

“म्हणजे शेपटी जड होईल. मघाशी डुलला तो काहीच नाही. उतारावर तो तुला ओढत नेईल. सत्यजितला फोन लाव. येऊन त्याचं सामान घेऊन जाऊ दे.”

“बाबा, प्लीज. कसं दिसेल ते?”

“कसं दिसेल!” प्रल्हादराव एवढ्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या पंपावरचा माणूस वळून बघायला लागला. “दसऱ्याला तुझ्या घरात चाळीस माणसं होती. तुझी आई ओट्याला धरून उभी होती. घामानं भिजलेली. जबडा दुखतोय म्हणत होती. तू म्हणालास, इमर्जन्सीत सहा तास बसवून ठेवतात, उद्या डॉक्टरना फोन करतो. पाहुणे जेवायचे होते. दारात ॲम्ब्युलन्स आली तर कसं दिसेल!”

“मी असं म्हणालो नव्हतो, बाबा.”

“नव्हतास म्हणाला. मी म्हणालो. मनात. मला तिचं तोंड बघून कळलं होतं. आणि मी काय केलं? कोशिंबीर वाढत फिरलो. ‘घ्या हो, लाजू नका.’ जन्मभर ती सगळ्यांसाठी बोलली, तिच्यासाठी एक माणूस बोलला नाही. पहाटे गेली.”

“बाबा, मुली ऐकतायत.”

“ऐकू देत! ह्याच पोरी त्या सीटवर बसल्यात.”

नकुलचं तोंड पांढरं पडलं होतं. सुवर्णानं मागचं दार उघडलं. “सिया, अनिका, उतरा खाली. सामान निघेपर्यंत कुणी आत बसायचं नाही.” मग ती नवऱ्याकडे वळली. “फोन तू लावतोस, की मी लावू?”

नकुलनं फोन लावला, पण वाजायला लागल्यावर वडिलांच्या हातात दिला. प्रल्हादरावांनी सत्यजितला मागे फिरून सामान न्यायला सांगितलं.

वीस मिनिटांनी सत्यजित आणि दीपा परत आले. तोवर ट्रेलरच्या टाकीतलं पाणी सोडून झालं होतं आणि डिकीतल्या दोन बॅगा डांबरावर आल्या होत्या.

“काका, आधी सांगायचं ना,” दीपा म्हणाली. “आम्ही हमाल बोलावला असता.”

“आधीच सांगायला हवं होतं. भिडेपायी गप्प बसलो, माझं चुकलं. आता ते पातेलं उचल.”

“आणि रेंजचं काय?” सत्यजितनं विचारलं.

“दोन ठिकाणी जास्त चार्ज कर. तेवढ्यात चहा पी.”

नकुलनं त्याच्याकडे बघणं टाळत जनरेटर उचलला. मांडव, टेबल, कूलर, दोन बॅगा, सगळं इलेक्ट्रिक गाडीत गेलं. दीपानं दरवाजा जरा जोरातच लावला.

गाडी परत काट्यावर गेली. ह्या वेळी पावती आणायला नकुल स्वतः गेला. चालत येतानाच तो वाचत होता.

“सहा हजार एकशे दहा.” थोडा थांबून तो म्हणाला, “अजून एकशे दहा जास्त.”

‘एवढ्यानं काही होत नाही,’ असं तो म्हणाला नाही. मार्जिनचंही बोलला नाही. तो पाठमोरा उभा राहून नुसता डोंगराकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते. प्रल्हादरावांना वाटलं, पाठीवर हात ठेवावा. पण त्यांचा राग अजून उतरला नव्हता, त्याच्यावरचाही नाही, स्वतःवरचाही नाही. खोटा हात ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

“मी एकशे साठ भरतो,” ते म्हणाले. “सत्यजितच्या गाडीत बसतो.”

“बाबा, ते चिडलेत तुमच्यावर. बारा तासांचा रस्ता आहे,” सुवर्णा म्हणाली.

“चिडू देत.”

इलेक्ट्रिक गाडीत मागे कूलर आणि बॅगांच्या मधे एका माणसापुरती जागा होती. प्रल्हादरावांनी स्वतःला तिथं बसवलं आणि पट्टा लावला. दीपानं गॉगल चढवला. गाडी आवाज न करता निघाली आणि चढाला लागताच भरकन पुढं गेली.

“सत्यजित, बाजूला घे. नकुलला पुढं जाऊ दे. डोंगर उतरेपर्यंत त्याच्या मागं राहा.”

“काका, तो पंचेचाळीसनं चालवतोय!”

“तू पण तशीच चालव.”

दीपानं सुस्कारा सोडला, त्यांना नीट ऐकू जाईल असा. प्रल्हादरावांना तो ऐकू गेला. त्यांनी माफी मागितली नाही.